घटक ५ : रोजचे जगणे, संग्रहालय आणि सहभागी कृती-कला

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण लोककला आणि प्रयोग यांचा संबंध पाहिला. प्रस्तुत घटकात त्याच सूत्राला धरून एका वेगळ्या क्षेत्रात प्रवेश करावयाचा आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या संग्रहालयांत एक निराळी कला दिसू लागली. तिच्यात भिंतीवर टांगलेले चित्र नसते, चौथऱ्यावरचा पुतळा नसतो. कोणी लादी पुसत असते, कोणी भात वाढत असते, कोणी नुसते समोर बसलेले असते. प्रेक्षकाला त्या कृतीत सामील करून घेतले जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की जे मी घरी रोज करतो त्याला येथे कला का म्हणायचे?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. या कलेचा सारा विचार त्याच प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून आपणही तो शेवटपर्यंत हाताशी ठेवू. या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस कृती-कलेचे स्वरूप सांगता यावे, महाराष्ट्रातील संग्रहालयांनी रोजचे जगणे कसे मांडले हे तपासता यावे आणि ‘सहभाग’ या शब्दाचा वापर डोळसपणे करता यावा, एवढी अपेक्षा आहे.

५.२ संज्ञेविषयी

इंग्रजीत जिला ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हणतात तिला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. ‘प्रयोगजीवी कला’ ही संज्ञा आपण नाटक, नृत्य, संगीत यांच्यासाठी वापरतो. परफॉर्मन्स आर्ट मात्र नाटकाच्या घरात जन्मलेली नाही. ती चित्रकार-शिल्पकारांच्या घरातून बाहेर पडली. तिला बहुधा संहिता नसते, नट दुसऱ्या कोणाची भूमिका करीत नाही, आणि कृती खरीच घडते. रंगभूमीवरील नट पाणी प्याल्याचा अभिनय करील. येथे कलावंत खरोखर पाणी पितो. म्हणून या घटकापुरता आपण ‘कृती-कला’ हा शब्द वापरू. प्रेक्षकाच्या कृतीवाचून जी पूर्ण होत नाही ती सहभागी कृती-कला.

अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रो यांनी १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सहा भागांतील अठरा हॅपनिंग्ज’ हा प्रयोग केला. त्यात आलेल्या मंडळींना कोठे बसायचे, केव्हा उठायचे याच्या लेखी सूचना दिल्या होत्या. संत्र्याचा रस काढणे यासारख्या साध्या कृती त्यात होत्या. कला आणि जगणे यांमधील रेघ पुसट करणे हा कॅप्रो यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. पुढे मरीना अब्रामोविच यांनी २०१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जवळपास तीन महिने खुर्चीवर बसून समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाकडे फक्त पाहिले. ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत, परंतु आपला विषय समजावून घ्यायला ती फारशी उपयोगी नाहीत. त्यासाठी आधी आपल्याच संग्रहालयांत जायला हवे.

५.३ काचेमागचे जगणे

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलेल्यांना एक अनुभव हमखास येतो. राजवाड्यातील जडजवाहीर पाहायला आल्यासारखे आपण आत शिरतो आणि समोर दिसतात अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. लोकांच्या नित्य वापरातील वस्तूंवर कोणा अनाम कारागिराने केलेली कारागिरी जपून ठेवण्याजोगी आहे, ही दृष्टी त्या काळी सोपी नव्हती. एक कवी अडकित्त्याकडे कसा पाहतो याचे हे संग्रहालय म्हणजे उत्तर आहे, असे म्हणता येईल.

तरीही एक उणीव राहतेच, आणि ती केळकरांची नसून संग्रहालय या संस्थेचीच आहे. वज्री काचेमागे ठेवली, की तिचे टाच घासणे थांबते. आजीने नातीचा पाय मांडीवर घेऊन घासलेली टाच, तेव्हाचे बोलणे, न्हाणीघरातला धूर हे काही काचपेटीत येत नाही. जात्याचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. जाते ही दोन दगडी तळ्यांची वस्तू खरी, पण जात्याभोवती शतकानुशतके बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओवीचा श्वासच तुटला. संग्रहालयात जाते वाचते; दळणे वाचत नाही. वस्तू आणि कृती यांमधील हा भेद नीट लक्षात घ्यावा.

मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते आजच्या वास्तूत ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. या संग्रहालयात मुंबईतील निरनिराळ्या जातिजमाती, व्यवसाय आणि जीवनपद्धती दाखविणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. कारागिरी अशी, की पागोट्याची घडी आणि लुगड्याचा कासोटा ओळखता यावा. परंतु त्यांच्यामागची दृष्टी वसाहतकाळाची आहे. हा अमुक जातीचा नमुना, हा तमुक धंद्याचा नमुना, अशी माणसांची वर्गवारी तेथे मांडली आहे. ज्यांचे जगणे मांडले त्यांना ते कसे मांडावे हे कोणी विचारले नव्हते. संग्रहालयात श्रमिक होता, पण मातीचा.

आपल्या परिसराला सर्वांत जवळचे उदाहरण वारली चित्रांचे आहे. ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर ‘चौक’ लिहिला जातो. तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात, मध्ये पालघट देवी असते आणि धवलेरी विधीची गाणी गाते. चौक लिहिला म्हणजे लग्न लागायला वाट मोकळी झाली. येथे ‘लिहिणे’ हे क्रियापद लक्षात घ्यावे. चौक ‘काढीत’ नाहीत. चित्र, गाणे, विधी, नातलग आणि घर यांचा हा एकच प्रसंग असतो.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर उतरली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी विधीच्या बाहेर पडून मासेमारी, शेती, तारपा नृत्य असे रोजचे जगणे रंगविले. १९८९ साली पॅरिसमधील एका गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम होते आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून संग्रहालयात येताना काय गळाले तेही पाहायला हवे. धवलेरीचे गाणे गळाले. सवाशिणींचे सामूहिक लिहिणे गळाले आणि कागदावर एका पुरुषाची सही आली. सहभागी विधीची अशी एकट्याच्या मालकीची वस्तू झाली. पश्चिमेकडील कलावंत वस्तूकडून कृतीकडे निघाले होते, त्याच सुमारास आपल्याकडची कृती वस्तू होत होती, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
आपल्या घरातील वापरात नसलेली एक वस्तू घ्या. ती संग्रहालयात ठेवायची झाल्यास तिच्याबरोबरची कोणती कृती, कोणता आवाज आणि कोणते शब्द हरवतील ते आठ-दहा ओळींत लिहा.

५.४ पायऱ्या धुणारी कलावंत

मिअर्ल लॅडरमन युकेलिस ही अमेरिकन शिल्पकार १९६८ साली आई झाली. दिवसभर लंगोट, बाटल्या, धुणे, केर यांत ती बुडाली. आपण कलावंत आहोत की घरकामवाली, असा प्रश्न तिला पडला. त्या संतापातून १९६९ साली तिने एक जाहीरनामा लिहिला. नवे निर्माण करणाऱ्याला जग मान देते, पण निर्माण झालेले टिकवून धरणाऱ्याला कोणी विचारीत नाही; म्हणून धुणे, पुसणे, सांभाळणे हीच माझी कला असे मी जाहीर करते, असा त्याचा आशय होता. ज्या कलेला तिने ‘मेंटेनन्स आर्ट’ म्हटले तिला आपण ‘सांभाळकला’ म्हणू.

१९७३ साली कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात तिने हे प्रत्यक्षात आणले. ती पाणी घेऊन दारासमोरच्या पायऱ्यांवर आली आणि तासन्‌तास पायऱ्या व आतील फरशी घासत राहिली. लोक ये-जा करीत होते. त्यांच्या पावलांचे ठसे उमटत होते. ती ते पुन्हा पुसत होती. प्रेक्षकांना कल्पना असो वा नसो, त्यांची पावले त्या कृतीचा भाग झाली होती.

तिची याच संग्रहालयातील दुसरी कृती मला अधिक मार्मिक वाटते. तेथे ममी ठेवलेली एक काचपेटी होती. ती काच रोज सफाई कामगार पुसत असे. युकेलिसने एके दिवशी ती काच स्वतः पुसली आणि ‘ही सांभाळकलेची कलाकृती आहे’ असा शिक्का त्यावर मारला. आता पेच उभा राहिला. कलाकृतीला हात लावण्याचा अधिकार संग्रहालयात फक्त जतनतज्ज्ञाला असतो. सफाई कामगाराला नाही. त्यामुळे पुढची पुसणी जतनतज्ज्ञाने करणे भाग होते. काच तीच, पुसण्याची क्रिया तीच. पुसणारा हात बदलला, की तिचे नाव, मान आणि मोल बदलते हे त्या एका कृतीने उघडे पाडले. आपल्या समाजात जिथे केर आणि घाण यांचा संबंध थेट जातीशी जोडला गेला, तिथे हे उदाहरण वाचताना वाचक सहजी पुढे जाऊ शकणार नाही.

१९७९-८० मध्ये युकेलिसने न्यूयॉर्क शहराच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. या कामाला जवळजवळ एक वर्ष लागले. यात चित्र नाही, शिल्प नाही. केवळ स्पर्श आहे. स्पर्श हीच ज्यातली मुख्य गोष्ट, असे काम मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

५.५ पाणी, पंगत आणि जागा

थायलंडशी नाते असलेले कलावंत रिर्क्रित तिरावनिजा यांनी १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका कलादालनात थाई रस्सा आणि भात शिजवून येणाऱ्यांना फुकट वाढला. हे काम पुढे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. फ्रेंच समीक्षक निकोला बुरियो यांनी अशा कलेची मीमांसा करताना माणसामाणसांत निर्माण होणारे नाते हेच या कलेचे द्रव्य आहे, असे मांडले.

मराठी माणसाला यात नवल काय वाटावे? भंडारा, महाप्रसाद, काल्याचे जेवण आपल्याला ठाऊक आहे. परंतु पंगत ठाऊक असल्यामुळेच आपण एक अवघड प्रश्न विचारू शकतो, जो न्यूयॉर्कच्या कलादालनात फारसा विचारला गेला नाही. पंगतीत कोण बसले आणि कोणाला अंगणाबाहेर बसविले? शिजविले कोणी? उष्टी कोणी काढली? समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली, ती याच प्रश्नांवर बोट ठेवण्यासाठी. एकत्र जेवणे ही साधी गोष्ट कोणासाठी साधी नव्हती, हे त्यांना माहीत होते.

नित्याची कृती योग्य जागी केली तर काय घडू शकते याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ओंजळीने पाणी पिणे याहून रोजची कृती कोणती? सवर्णांनी नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. म्हणजे एका कृतीला दुसऱ्या कृतीने उत्तर दिले. न्यायालयीन लढा १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. महाडच्या सत्याग्रहाला कृती-कला म्हणणे गैर ठरेल. तो हक्काचा लढा होता आणि त्याची किंमत लोकांनी अंगावर मार खाऊन दिली. मात्र कृतीचा अर्थ जागेवर अवलंबून असतो, हे कृती-कलेचे मूलतत्त्व समजून घ्यायला महाडइतकी स्पष्ट जागा नाही. संग्रहालयाच्या पायरीवर बसून कोणी भाकरी खाल्ली तर पहारेकरी काय म्हणेल, याचा क्षणभर विचार करावा.

५.६ मुंबई, गोवे आणि कासेल

मुंबईत या कलेचा प्रवाह १९९० नंतर ठळक झाला. रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) यांनी डिसेंबर १९९२ नंतरच्या हिंसाचाराने हादरून चित्रकलेची चौकट सोडली. १९९५ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आवारात पायात घुंगरू बांधून आणि हातात कापलेली पपई घेऊन त्या चालत राहिल्या. पपई, गेरू, नीळ ही त्यांची सामग्री घरातलीच होती. तुषार जोग (१९६६–२०१८) यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाचे एक बनावट सार्वजनिक बांधकाम खातेच काढले आणि त्या नावाखाली लोकलचे प्रवासी, फेरीवाले यांच्यासाठी विक्षिप्त उपकरणे योजली. सरकारी भाषेची त्यांनी केलेली नक्कल मराठी विनोदी लेखनाच्या अभ्यासकानेही पाहावी अशी आहे.

गोव्यात राहणारे निखिल चोप्रा दाढी करणे, कपडे बदलणे, जेवणे, झोपणे या क्रिया प्रेक्षकांसमोर करीत तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चित्र काढतात. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांची अशी कृती नऊ दिवस चालली. त्यांची ‘योगराज चित्रकार’ ही व्यक्तिरेखा आजोबांच्या आठवणीवरून घडली आहे. येथे प्रेक्षक सामील होतो तो साक्षीदार म्हणून. भाकरी त्याच्या हातात येत नाही.

अमोल पाटील (जन्म १९८७) यांचे काम आपल्या विषयाच्या मध्यभागी आहे. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटके लिहिणारे, आणि बालपण मुंबईच्या चाळीत. झाडूवाला, त्याची चाल, त्याच्या अंगावरील धूळ आणि शहराने त्याच्याकडे न पाहणे हा त्यांच्या कामाचा विषय. २०२२ साली जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या पंधराव्या ‘डॉक्युमेंटा’ या महाप्रदर्शनात त्यांचे ‘ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स’ हे काम होते. त्या प्रदर्शनाची धुरा इंडोनेशियातील एका कलावंतगटाकडे होती. गावाने मिळून धान्य साठविण्याची जी कोठी, तिच्यासाठी असलेला ‘लुंबुंग’ हा इंडोनेशियन शब्द त्यांनी सूत्र म्हणून घेतला. कणगी आणि बळद पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. पोवाड्याचा वारसा, चाळीची भिंत आणि झाडूची चाल एकत्र येतात तेव्हा भायखळ्याच्या काचेमागचा मातीचा श्रमिक उठून चालू लागल्यासारखा वाटतो.

२०१६ साली धारावीत एक हातगाडीवरचे संग्रहालय फिरले. ‘डिझाइन म्युझियम धारावी’ या नावाच्या त्या गाडीवर धारावीतच बनलेल्या झाडू, मडकी यांसारख्या वस्तू मांडल्या होत्या. परदेशातून आलेल्या दोघांची ही कल्पना असल्याने तिच्याविषयी कोणी साशंक राहिले तर ते चुकीचे नाही. पण गाडी गल्लीत थांबली, की मडके घडविणाराच त्याच्याविषयी बोलत असे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

५.७ सहभागाची परीक्षा

आजकाल प्रत्येक प्रदर्शनात ‘सहभागी व्हा’ अशी पाटी असते. भिंतीवर चिठ्ठी चिकटवा, धागा बांधा, छायाचित्र काढा. बहुतेक वेळा हा सहभाग रंगीत कागदापलीकडे जात नाही. समीक्षक क्लेअर बिशप यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रकारच्या कलेवर कठोर टीका केली. सगळे आनंदाने एकत्र आले एवढ्याने कला चांगली ठरत नाही. कोण एकत्र आले, कोणत्या मतभेदांवर पांघरूण घातले, हेही विचारले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते. जिथे सगळे एकाच वर्गातले, एकाच भाषेत बोलणारे जमतात तिथे सलोखा सोपाच असतो.

मंगळागौर किंवा भोंडला यांच्याशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. भोंडल्यात फेर धरणारी प्रत्येकजण गाणारी असते आणि खिरापत ओळखणारीही. बघे असतच नाहीत. तेथे सहभाग मागावा लागत नाही. संग्रहालयात मात्र तिकीट, पहारा, शांतता, हात न लावण्याची सूचना यांनी माणसाला आधी बघ्या बनविलेले असते आणि मग त्याला सहभागी व्हायला सांगितले जाते. हा अंतर्विरोध ज्या कृतीत जाणवतो आणि टोचतो, ती कृती सकस. युकेलिसची काचपेटी टोचते; चिठ्ठ्यांची भिंत टोचत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
तिरावनिजा यांचे भोजन आणि गद्रे यांचे झुणका-भाकर सहभोजन यांत ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ कसा बदलतो? उदाहरणांसह स्पष्ट करा.

५.८ पडघा परिसरातील क्षेत्रकार्य

पडघा अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्यांसाठी या घटकाचे क्षेत्रकार्य पुढीलप्रमाणे आहे. मुंबई–नाशिक महामार्गावरच्या या गावाच्या एका बाजूला भिवंडीचे यंत्रमाग आणि महामार्गालगत पसरलेली गोदामे, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि आदिवासी पाडे. आपल्यापैकी काहीजण रात्रपाळी करून अभ्यास करतात, काहीजण आवणी उरकून पुस्तक उघडतात. म्हणून विषय शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही.

श्रमाची एकच कृती निवडावी. राब भाजणे, मागावर तुटलेला धागा जोडणे, गोदामात ट्रक भरताना पेटी एका हातातून दुसऱ्या हातात देणे, पाण्याच्या टाकीवर नंबर लावणे यांपैकी कोणतीही चालेल. ती करणाऱ्या व्यक्तीची आधी परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय नाव किंवा छायाचित्र वहीत नोंदवू नये. शक्य झाल्यास स्वतः ती कृती त्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करून पाहावी. हाताला काय समजले आणि शब्दांत काय सांगता आले नाही, हे वेगवेगळे लिहावे. कामाच्या वेळी वापरले जाणारे शब्द जसेच्या तसे टिपावेत. प्रमाण मराठीत त्यांचे रूपांतर करू नये. आगरी, वारली, कातकरी, उर्दू-मिश्रित मराठी यांपैकी ज्या बोलीतला शब्द असेल तिची नोंद करावी.

त्यानंतर कल्याणमार्गे मध्य रेल्वेने भायखळ्याला जाऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयातील मातीच्या प्रतिकृती पाहाव्यात. जाण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करावी. तेथील एका श्रमिकाच्या प्रतिकृतीसमोर दहा मिनिटे उभे राहून आपल्या वहीतील नोंद पुन्हा वाचावी आणि पुढील प्रश्नाचे उत्तर सुमारे ५०० शब्दांत लिहावे.

आपण निवडलेली कृती या दालनात सादर करायची झाल्यास ती कोणी करावी : कलावंताने, प्रेक्षकाने, की जो ती रोज करतो त्यानेच? त्याला त्या दिवसाचा रोज कोणी द्यावा?